उजवा गुडघा ठणठणीत असल्याबद्दल

ती. ड्वेनदादास,

धाकट्या लाइलचा नमस्कार. इकडे आम्ही दोघं आणि कुत्रा सुखरूप आहोत. तिकडे नेब्रास्कात तू, रोंडावहिनी आणि वहिनींचा खांदा कसे आहात ते कळव. (खांद्याला बर्फ नको, शेक हवा. या विषयावर मी भरपूर वाचलं आहे. डॉक्टर वेगळं म्हणत असेल तर त्याला माझा नंबर दे.)

पत्रास कारण माझा डावा गुडघा. जूनमध्ये मोटारसायकलच्या सरावाच्या ट्रॅकवर डाव्या वळणाला मी डावा पाय पुढे काढला, अगदी शास्त्रशुद्ध. गाडी वळली, मी वळलो, पाय मात्र चिखलात जुन्याच दिशेला राहिला. लिगामेंट तुटलं. डॉक्टर म्हणाला, या वयात ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही, मोटारसायकल सोडा. मी त्याला गुडघ्याची रचना सविस्तर समजावली. त्यानं शांतपणे ऐकली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला. घरी आल्या आल्या जोलीननं माझ्या गाडीचा स्पार्क प्लग काढला आणि फ्रीजरमध्ये हरणाच्या मटणाखाली ठेवला. (आपल्या गाड्यांना किल्ली नसते हे तिला ठाऊक आहे, आणि प्लग काढायला मीच शिकवलं होतं. बायकोला काय शिकवावं याचा माणसानं विचार करावा.) दोन्ही गुडघ्यांना आधाराचे चांगले ब्रेस चढल्याशिवाय काउंटीच्या जत्रेतली शर्यत विसरायची, असा तिचा निकाल आहे. जत्रेची शर्यत मी आजवर चुकवलेली नाही, तू जाणतोसच.

आता मापानं केलेले, बिजागऱ्यांचे ब्रेस म्हणजे एका जोडीच्या पैशात जुनी गाडी येईल. म्हणून विमा. बक शूमन आठवतो ना, वेल्डिंगवाला, आपल्या ट्रॅकवरचा बिनपगारी वकील? त्यानं बजावलं की विमेवाल्यांसमोर चालणं, जिना, शिडी काय हवं ते बोल, 'मोटारसायकल' हा शब्द तेवढा काढू नकोस. चालण्याला ते पैसे देतात, गाडीवरून उड्या मारण्याला नाही. मला खोटं बोलता येत नाही, पण गाळता येतं. तळघराचा जिना खरा, धान्याच्या कोठाराची शिडी खरी, कुत्रा ओढतो तेही खरं. सगळं पाठ करून मी जोलीनसोबत ब्रेसवाल्यांकडे गेलो, मांडीचा घेर घरूनच टेपनं मोजून नेला.

तिथं प्रुइट नावाची मुलगी होती, मोठी नीटस. जिना झाला, शिडी झाली, कुत्रा झाला. मग ती म्हणाली, गुडघे थोडे वाकवून सवयीनं उभे राहता तसे उभे राहा. दादा, मी राहिलो. कोपरं बाहेर, हनुवटी हँडलच्या पुढे, नजर पुढच्या वळणावर, आणि डाव्या हाताची दोन बोटं क्लचवर. जिथं ना हँडल होतं ना क्लच. शरीर शब्द गाळत नाही.

जोलीन खुर्चीतूनच म्हणाली, "भांडी घासतानाही हा असाच उभा राहतो हो."

प्रुइट टेप गुंडाळत म्हणाली, "आमचे बाबा चर्चमध्ये प्रार्थनेला असेच उभे राहतात. काका, लिगामेंट तुटलंय ते तुटलंय. जिन्यासाठीही ब्रेस लागणारच, मी तेच लिहीन. मोटारसायकलचं मला कुणी विचारलेलं नाही."

अशा रीतीनं डावा मंजूर झाला. मग विमा कंपनीतून एका बाईंचा फोन आला. उजव्या गुडघ्याला काय त्रास आहे, असं त्यांनी विचारलं. आता हा प्रश्न सरळ होता, आणि अपुरी माहिती देणं माझ्या स्वभावात नाही. उजवा गुडघा ठणठणीत आहे, असा गुडघा या वयात शोधून सापडायचा नाही, एका पायावर मी अजून मोजे चढवतो, असं मी साग्रसंगीत सांगितलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं आणि उजवा ब्रेस नामंजूर केला. जोलीन मागे कणसं सोलत होती. तिचं वाक्य इथं लिहीत नाही, वहिनी वाचतील.

असो. तुझे टोमॅटो कसे आहेत? कळव.

तुझा,
लाइल

ता. क. तुझा जुना उजवा ब्रेस अजून आहे का? आपल्या मांड्या सारख्याच, बाबांच्या वळणाच्या. असला तर द्यावास.

ता. क. २. पोस्टानं पाठवू नकोस, बिजागऱ्या बिघडतात. हातानंच आणलेला बरा. शर्यतीत पन्नाशीवरच्यांच्या गटात नावं कमी आहेत, हे सहज सांगितलं.

(खालचं जोलीनच्या हातचं) भावजी, पाकीट मी चिकटवतेय म्हणून लिहिते. बकनं स्वतःचा उजवा ब्रेस गेल्याच आठवड्यात आणून दिलाय, मापाला चपखल बसतो. तो कपाटात लपवून हे महाशय तुम्हाला पत्र लिहीत बसलेत. दोन जत्रा तुम्ही आला नाहीत, आणि या माणसाला 'ये' एवढं सरळ म्हणता येत नाही. ब्रेस राहू द्या, तुम्ही या. वरची खोली झाडून ठेवलीय. तुमची गाडी शेडमध्ये आहे, तिचाही प्लग माझ्याकडेच आहे.