पासवर्ड बरोबरच होता

प्रिय खटपट्या,

या नावाने तुला हाक मारून बरेच दिवस झाले. पण हे पत्र ऑफिसात टाय लावून बसणाऱ्या साहेबाला नाही, माझं शिवणयंत्र उघडून परत जोडताना हमखास एखादा स्क्रू उरवणाऱ्या पोराला आहे. पत्र कशाला, फोन आहे की, असं म्हणशील. फोनवर अवघड विषय निघाला की तू 'बघू गं' म्हणतोस आणि मलाच विचारतोस, जेवलीस का. पत्राला मध्येच 'बघू' म्हणता येत नाही. मेल केला असता, पण दुकानाचा मेलच बंद पडलाय आणि सगळी रड तिथूनच सुरू झाली आहे.

आधी अडचण काय ते सांगते. कॉलेजच्या प्रयोगशाळांमधल्या मायक्रोस्कोपांची देखभाल दरवर्षी आपल्याकडे असते, हे तुला माहीत आहे. यंदाही ते काम आपल्यालाच द्यायला तयार आहेत. फक्त महिना संपायच्या आत दुकानाच्या नोंदवलेल्या मेलवरून होकार जायला हवा, नाहीतर काम दुसऱ्याला. मी तिथल्या कारकुनाला फोन करून विचारलं, माझ्या मेलवरून पाठवला तर चालेल का? तो म्हणाला, बाई, तुम्ही स्वतः येऊन माझ्यासमोर होकार दिलात तरी चालणार नाही. हे काम गेलं तर दुकान उघडं ठेवण्यात अर्थ नाही, असं बाबांनी जाहीर करून टाकलंय. परवा त्यांनी शटरला तेल घातलं. म्हणाले, बंदच करायचंय तर निदान आवाज न करता बंद होऊ दे. मला हसू आलं नाही. त्यांचे हात अजून स्थिर आहेत, केसाएवढ्या तिरक्या बसलेल्या भिंगाचा दोष ते नुसता डोळा लावून सांगतात. असा माणूस एका पासवर्डपायी घरी बसणार असेल तर मी बसू देणार नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे.

झालं होतं असं. समोरच्या चष्मेवाल्याला मागे कुणीतरी खोटा मेल पाठवून गंडवलं. तेव्हापासून बाबांनी नियम केला, की ज्या मेलमध्ये 'पासवर्ड' हा शब्द दिसेल तो न वाचता उडवायचा. दुधाने तोंड पोळलं चष्मेवाल्याचं आणि ताक फुंकून पितात हे. मेलवाल्या कंपनीने बिचारीने परत परत कळवलं होतं, की जुन्या पद्धतीने मेल उघडणं आम्ही बंद करणार आहोत, अमुक तारखेच्या आत सेटिंग बदलून घ्या. ती सगळी पत्रं मला नंतर कचऱ्याच्या फोल्डरमध्ये मिळाली, एकही उघडलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि मग एका सकाळी कॉम्प्युटरवर ती चौकट आली. पासवर्ड चुकीचा आहे, पुन्हा टाका.

बाबांना त्याचा फार राग आला. मेल बंद पडला म्हणून नाही, त्यांना चूक म्हटलं म्हणून. त्यांनी तोच पासवर्ड पुन्हा टाकला, मग सावकाश टाकला, मग एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, बटणं दाबून दाबून टाकला. बहिऱ्या माणसाशी आपण आवाज चढवून बोलतो ना, तसं. चौकट दर वेळी तितक्याच नम्रपणे परत येत होती. शेवटी खात्यालाच तात्पुरतं कुलूप लागलं. बाबा उठले, कॉम्प्युटरवर ते कापडी झाकण घातलं आणि मला म्हणाले, याला माझी ओळख नाही तर मलाही याची नाही.

मग मी कंबर कसली. तुला ठाऊक आहे, मी लॅबमध्ये आयुष्यभर लोकांचं रक्त तपासलं. तिथे पहिल्या दिवशी शिकवतात, की उत्तर विचित्र आलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. दोन बदलल्या, की घोडं कुठे पेंड खातंय ते कधीच कळत नाही. मी तसंच केलं. कीबोर्डवर मोठी अक्षरं चालू राहिलीत का ते बघितलं. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर आहे का बघितलं. मेल येण्याचा सर्व्हर आणि जाण्याचा सर्व्हर अशा दोन सेटिंग असतात, त्या कंपनीच्या माहितीशी अक्षर अक्षर पडताळल्या. खालच्या मजल्यावरची हिशेबनीस हौसेने मदतीला आली. म्हणाली, काकू, खातं काढून टाका आणि नव्याने जोडा, दोन मिनिटांचं काम. मी तिचा हात वरच्या वर धरला. दुकानाचे जुने सगळे मेल फक्त त्या डब्यात आहेत, बाहेर कुठेही नाहीत. खातं काढताना तेही गेले असते म्हणजे झालंच. आधी मी सगळ्याची नक्कल एका पेनड्राइव्हवर घेतली आणि मगच तिला खुर्चीत बसू दिलं. नव्याने जोडूनही चौकट परत आलीच. पोरगी जरा खजील झाली, तिला चहा पाजून मी खाली पाठवलं.

शेवटी मी प्रोग्राम बाजूला ठेवला आणि कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तोच पासवर्ड टाकला. आणि काय सांगू, तिथे तो चालला. म्हणजे बाबांचा पासवर्ड पहिल्यापासून बरोबरच होता. आता नियम असा झालाय, की कॉम्प्युटरवरच्या जुन्या प्रोग्रामला माणसाचा पासवर्ड चालत नाही, त्याच्यासाठी वेगळा लांबलचक पासवर्ड कंपनीकडून मागून घ्यायचा आणि तो तिथे चिकटवायचा. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, मी म्हणतच होतो. पण पेपर उलटा धरला असता तरी त्यांना कळलं नसतं, इतके ते खूश होते.

खुशी टिकली नाही. वेबसाइट आत घ्यायला तयार होती, पण मालक तुम्हीच हे एकदा पटवून द्या म्हणाली. तुमच्या नोंदवलेल्या फोनवर ओटीपी पाठवते, तो सांगा. मी पाठव म्हटलं. बाबांचा फोन टेबलावर गप्प. माझा फोन पिशवीत गप्प. मग मी स्क्रीनवर नीट बघितलं. नंबराचे शेवटचे दोन आकडे दाखवले होते, बाकीच्या जागी ठिपके. ते दोन आकडे मी ज्या नंबरावर दर रविवारी फोन करते त्याचे होते, रे. मंगळवारी दुपारी तुला एक ओटीपी आला असेल आणि तू तो बघून सोडून दिला असशील. तुझी चूक नाही. न मागता आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे मला तूच शिकवलंस.

मी फोन हातात घेतलाही. तुला विचारलं असतं तर एका मिनिटात काम झालं असतं. पण बाबा माझ्या मागे उभे होते. त्यांनीही आकडे वाचले आणि म्हणाले, कुणाचा नंबर आहे कोण जाणे, कंपनीची गफलत असेल. मग आत जाऊन सकाळीच पुसलेली भिंगं पुन्हा पुसत बसले. मी फोन खाली ठेवला.

त्या भांडणाबद्दल मी आजवर तुमच्या दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही, आजही घेत नाही. शाळेच्या बाईंसमोर तू म्हणालास, बाबा, हा मायक्रोस्कोप भंगारात घाला, दुरुस्तीपेक्षा नवा स्वस्त पडेल. हिशेबाने तू बरोबर होतास. पण गिऱ्हाइकाच्या देखत, आणि तोही यांनी उमेदवारीत पहिल्यांदा हाती घेतलेल्या जातीचा. त्यावर ते म्हणाले, मग नव्याच्याच दुकानात जा. आणि तू खरंच गेलास. खाण तशी माती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी एकाबद्दल वापरत होते, आता दोघांबद्दल वापरते. तू नाव काढलंस, चांगलं चाललंय, मला आनंद आहे. पण दर रविवारी मी तुझ्याशी बोलते तेव्हा बाबा जिन्यात जाऊन बसतात. दार मात्र लावून घेत नाहीत. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. तो मेल तू जोडून दिलास तेव्हा तुझा नंबर टाकलास, हे आपण समजू. पण ती कंपनी मधूनमधून विचारते, हा नंबर अजून तुमचाच आहे का? खाली दोन बटणं असतात, एक 'हो' आणि एक 'बदला'. तू गेल्यानंतर एकदा मी कपडे वाळत घालून आत आले तेव्हा बाबांच्या समोर तोच प्रश्न होता. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी चष्मा वर केला, नंबर जवळून बघितला आणि 'हो' दाबलं.

म्हणून हे पत्र. येत्या शनिवारी तुला सुट्टी आहे आणि दुकान उघडं असतं. महिना संपायला अजून अवकाश आहे, मी कॅलेंडर बघितलंय. अकरा वाजता बाबांना कॉम्प्युटरसमोर बसवून मी ओटीपी मागवायचं बटण दाबणार आहे. ओटीपी तुझ्याकडे येईल आणि काही मिनिटांत मरेल, तेव्हा तो मला मेसेज करायच्या भानगडीत पडू नकोस. माझा फोन मी बंद ठेवणार आहे आणि त्या वेळी भाजी आणायला जाणार आहे. दुकानाच्या फोनवर फोन कर. तो ते स्वतःच उचलतात. त्यांना मी एवढंच सांगितलंय, की शनिवारी ओटीपीवाल्याचा फोन येईल. कोण ओटीपीवाला, असं त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, मग त्या दिवशी दाढी लवकर उरकायला हवी. तू फक्त आकडे सांग, दुसरं काही सुचलं नाही तरी चालेल. ते म्हणतील, नीट ऐकू आलं नाही, परत सांग. त्यांना चांगलं ऐकू येतं. तरी परत सांग.

तुझीच,
आई