फाटकाची कडी आणि आईचा उरलेला डोळा

आणि दादा, "शेजाऱ्याचा गडी" हे तू मला भर सलूनमध्ये, सात गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, तेही मी पाठवलेल्या खुर्चीला टेकून. जिवंतपणी याचा निकाल लागत नाही, म्हणून मृत्युपत्रात घालतो. मूळ कागद इथे, शेजारी देशातल्या पुलाच्या ऑफिसात, नक्कल तुला.

तर मी, वय पंचवीस, शिक्षण चौथी, धंदा वेल्डिंग, डोकं ठिकाणावर, घोटभरही घेतलेली नाही, कुणी धाकदपटशा केलेला नाही. फक्त मुकादम म्हणाला, "पुलाच्या फाटकावर चढायचं तर कागद आधी दे. पडल्यावर सही घेता येत नाही." म्हणून राजीखुशीने लिहून ठेवतो की:

एक. घराचा माझा निम्मा हिस्सा आईला, तिच्यामागे वहिनीला. दादाला नाही. दादाकडे अख्खा देश आहे, त्याला अर्धं घर कशाला.

दोन. वेल्डिंगचा मुखवटा आणि हातमोजे खोलीतल्या रंगाऱ्याला. त्याने आठ महिने माझा साबण वापरला, ते माफ.

तीन. सलूनची खुर्ची दादाकडेच राहू दे. आपलं परराष्ट्र धोरण तिच्यावरच ठरतं. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून दादा विचारतो, "आपण कुणापुढे मान तुकवायची का?" आजवर कुणी मान हलवलेली नाही.

चार. पूल. तो माझ्या मालकीचा नाही, पण फाटक मी जोडतोय म्हणून लिहितो. आपल्या साहेबांनी शेजाऱ्यांशी चार दिवस बोलणी केली. आपला झेंडा त्यांच्यापेक्षा एक हात उंच हवा यावर अडून बसले. मिळाला. दादाने त्या दिवशी निम्म्या दरात दाढ्या केल्या. फाटकाची कडी कुठल्या बाजूला, हे विचारायचं तेवढं राहून गेलं. ती त्यांच्या बाजूला आहे. मीच बसवली. नकाशात तशीच होती, खाली आपल्या साहेबांची सहीसुद्धा होती, अगदी सुवाच्य.

मग शेजाऱ्याला वचक बसावा म्हणून आपण लांबच्या दोस्त देशाकडून गस्तीच्या दोन बोटी घेतल्या. नदीला पाणी चार महिने. शेजारी मात्र बारा महिने पुरेल इतका चिडला. येत्या एक तारखेपासून कडी लागणार.

पाच. हे कलम मी मेल्यावर नाही, आत्ताच लागू. आईला काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच, दुसरा रोज थोडा जातोय. आपल्या इस्पितळातलं डोळ्यांचं मशीन दोन वर्षं बंद, कारण त्याचा सुटा भाग शेजाऱ्याकडे मिळतो आणि तो मागणं आपल्या धोरणात बसत नाही. इथल्या डॉक्टरने ऑपरेशनला सत्तावीस तारीख दिलीय. फोनवर दादा म्हणाला, "शत्रूच्या दारात आईला न्यायची? लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, "लोक आता आईला दिसत नाहीत."

मागून आई म्हणाली, "भांडू नका रे. मला सुईत दोरा ओवता आला तरी पुरे. देशाचं तुम्ही बघा."

दादा, तुझं सगळंच चूक असं मी म्हणत नाही. शेजारी काही साधू नाही. इथे आमच्या पगारातून "परदेशी" म्हणून दर महिन्याला कापतात आणि पाण्याचा नळही आमचा वेगळा. मलाही राग येतो. पण रागाने डोळ्यातला दाब उतरत नाही, डॉक्टरला विचारून झालंय.

ऑपरेशननंतर आठवड्याने पुन्हा दाखवायचंय, तोवर कडी लागलेली असेल. म्हणजे फाटक उघडेपर्यंत आई इकडेच राहील. तिच्यासाठी मजुरांच्या छावणीबाहेर खोली बघून ठेवलीय, पायऱ्या नसलेली.

साक्षीदार: रंगारी (वाचून सही केली, साबणाचं अमान्य). क्रेनवाला (ऐकून अंगठा).

ठिकाण: पुलापाशी, मजुरांची खोली नंबर अकरा. तारीख एकवीस.

सही: धाकटा.

ता. क. मी आईला घ्यायला पलीकडे आलो तर आता हे लोक मला परत आत घेणार नाहीत. परक्याचा हात ती धरत नाही. तेव्हा सलून एक दिवस बंद ठेवून तुलाच तिला पूल पार करवायचाय. तू हे पैसे हातात धरणार नाहीस, म्हणून वहिनीच्या नावावर पाठवतोय. आईचं एका बाजूचं भाडं, तुझं दोन्ही बाजूंचं, डॉक्टरचं आगाऊ, सगळं मिळून एक्केचाळीस हजार सहाशे.