पसरट कडा

मंगळवार, संध्याकाळ. कसबा बावडा

निकाल इतका देखणा आलाय की मला तो पटतच नाही.

उंदराच्या गर्भातल्या मूलपेशींत जनुकांचा एकेक पट्टा बंद कसा होतो, हे आम्ही शोधतोय. जनुकांवरच्या बंदीच्या सगळ्या रासायनिक खुणा आधी पुसल्या, मग त्या परत कुठं उगवतात ते पाहिलं. आम्ही म्हणत होतो तिथंच पहिली खूण पडली आणि शेजारी पसरत गेली. इतकं सरळ? माझ्यासोबत या प्रयोगावर काम करणारा संग्राम तर दुपारीच लॅबमध्ये पेढे घेऊन आला.

पण त्या कडा. सकाळी मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर पेशींच्या पुंजक्यांच्या कडा पसरट. मूलपेशींचे पुंजके कसे टपोरे, घुमटासारखे असतात. कडा पसरल्या म्हणजे पेशी दुसरंच काहीतरी व्हायला लागल्या. आणि तशा पेशींत खुणा एरवीही पसरतात. मग आमचा शोध कसला?

पेशींना मूळ रूपात धरून ठेवणारा घटक मीडियममध्ये, म्हणजे त्या ज्यात वाढतात त्या द्रावात, घालावाच लागतो. रविवारी मीडियम बदलायची पाळी संग्रामची होती. आणि रविवारी कुस्त्यांचं मैदान होतं, ते तो कधी चुकवत नाही.

"घटक घातला होतास ना रे?" मी विचारलं.

"घातला की! तुला लई शंका येत्यात."

"आणि कडा बघितल्यास?"

"बघितल्या की," म्हणाला, आणि पेढ्यांचा बॉक्स पुढं केला.

आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडम उद्या हाच निकाल परिषदेला पाठवणार. माझा पेढा डब्यात तसाच आहे.

कडा बघितल्या होत्या, तर पेढे कशाला आणले त्यानं? की बघितल्या म्हणूनच आणले?