चालू भट्टीचा तोटा

सोमवार, २ जून

सल्लागारबाई तीन तास बसल्या. चहालाही हात लावला नाही. बुडत्या कंपन्यांचंच कराचं काम करतात, त्यामुळे उगाच धीर वगैरे देत नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू उरलीय. तोटा." दादाला वाटलं, टोमणा मारतायत. पण तसंच आहे — आमचा इतक्या वर्षांचा साठलेला तोटा कंपनी विकत घेणाऱ्याच्या नफ्यातून वजा होतो, त्याचा तेवढा कर वाचतो. बाटल्यांचा एक मोठा कारखानदार तयार आहे. अट एकच: विक्रीच्या दिवशी कारखाना चालू हवा. बंद पडलेल्या धंद्याचा तोटा कुणाच्याच कामाचा नाही.

म्हणजे सत्तावीस तारखेपर्यंत काचेची भट्टी विझता कामा नये.

मंगळवार, ३ जून

बाईंना एकटीने गाठलं. विचारलं, कामगारांच्या पगारातून कापलेल्या कराचं काय? सात महिने कापला, भरलाच नाही. भट्टीच्या गॅसपायी गेला.

"सह्या कुणाच्या?"

माझ्या. दादा म्हणाला होता, तू सही कर, पुढच्या महिन्यात भरून टाकू.

त्यांनी चष्मा काढला. "कंपनी बुडाली तरी हा कर बुडत नाही. सही करणाऱ्याच्या घरापर्यंत येतो." विक्री झाली तर घेणारा आधी हा कर भरणार. नाही झाली तर माझं घर. त्यात आई राहते — तिला यातलं अक्षर माहीत नाही.

"नोटीस यायच्या आत स्वतः जाऊन सांगितलंत, तर हप्ते तरी बांधून मिळतील."

मी मान हलवली आणि विषय बदलला.

शुक्रवार, ६ जून

भट्टीवाले काका वर ऑफिसात आले. बाबांच्या वेळचा माणूस, जिना सहसा चढत नाही. खुर्ची दिली तरी उभेच. "ताई, भट्टीची मागच्या कोपऱ्यातली भिंत झिजून बोटभर उरलीय. बाहेरून लाल दिसते. फुटली तर आतली काच थेट बाहेर."

म्हटलं, भिंत गार ठेवायला पंखे लावलेत ना?

"पंख्याने वीट जाड होत नाही."

दादाला सांगितलं. "काकांना दरवर्षी असंच वाटतं." नाही वाटत. पहिल्यांदाच बोलले.

बुधवार, ११ जून

कागद, सह्या, पुन्हा कागद. भिंतीबद्दल कुणी बोलत नाही. मीही नाही.

शुक्रवार, १३ जून

खाली जाऊन आले. त्या कोपऱ्यापासून दहा पावलांवर बाटल्या तपासणाऱ्या सहाजणी बसतात. एकीने स्टूल पुसून दिलं. बसले. पाठ भाजायला लागली. म्हटलं, जागा बदलून घ्या ना.

"इथे उजेड चांगला आहे, मॅडम. तडा लगेच दिसतो."

मला खरं सांगता आलं असतं. वर येऊन तोंड धुतलं. भट्टी पेटती राहिली की माझं घर राहतं — आता मला भीतीसुद्धा सरळ वाटत नाही, आधी हिशोब सुचतो.

मंगळवार, १७ जून

काकांनी माझ्या परवानगीची वाट न बघता सहाही जणींना पुढच्या शेडमध्ये हलवलं. आणि कोपऱ्यात स्वतः उभे राहिले. का म्हणून विचारलं.

"चालू ठेवायची तर कुणीतरी लक्ष ठेवायला हवंच की. दुसऱ्या कुणाला कसं सांगू?"

रागाने नाही म्हणाले. त्यानेच जास्त लागलं.

बुधवार, १८ जून

सकाळी भट्टी विझवून रिकामी करायला सांगितली. लेखी. काकांनी कागद दोनदा वाचला. "साहेबांना माहीत आहे?" म्हटलं, आता कळेल.

दादाने जिन्यातच गाठलं. "नऊ दिवस! नऊ दिवस दम निघाला नाही तुला?" मग अगदी हळू — "माझ्यासमोर येऊ नकोस."

बाईंना फोन केला. म्हणाल्या, "तोटा गेला."

संध्याकाळपर्यंत काच वाहून काढत होते. कोपऱ्यातली वीट काकांनी सळईने टोचली. सळई आत गेली.

गुरुवार, १९ जून

आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "कधीपर्यंत राहता येईल?"

शुक्रवार, २० जून

कर कार्यालय उघडायच्या आधीच गेले. दाराशी बाकावर दादा बसलेला. हातात सातही महिन्यांचे कागद, वर त्याच्या हाताने लिहिलेला जबाब — "बहिणीने सह्या केल्या त्या माझ्या सांगण्यावरून." माझ्याकडे बघितलं नाही. थोडा सरकला. मी बसले.