कोडोलीच्या घरातली सहावी ओळ

बुधवार, १४ फेब्रुवारी २००१

शाळा सुटल्यावर जनगणनेची आठ घरं केली. पाय भरून आलेत, पण हे आजच लिहायला हवं.

ओढ्याजवळच्या घरात घरधन्यानं पाच माणसं सांगितली. पाच ओळी लिहिल्या. अपंगत्वाचा प्रश्न विचारायला मला संकोच वाटतो, लोक चिडतात. आजही गाळणारच होते. कसाबसा विचारला, तर तो गोठ्याकडे बघायला लागला. तेवढ्यात गोठ्यातून बाईचा आवाज आला, "सांग की, आंधळी बहीण हाय म्हणून! मी माणसात न्हाय व्हय?"

दुधाची चरवी घेऊन, भिंतीला हात लावत ती बाहेर आली. हौसाबाई. सहावी ओळ लिहिली. काम काय करतात विचारलं, तर भाऊ म्हणाला, "काय न्हाय. बसूनच असती."

"मग चार म्हशींच्या धारा कोण काढतंय रं? तू?"

त्यानं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "लिवा बाई. डेअरीचं समदं दूध आक्काच्याच हातचं हाय."

तसंच लिहिलं. हौसाबाईंनी ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि हसल्या. निघताना भावानंच थांबवलं, "चा घिऊन जावा. आक्कानं आत्ताच धार काढलीया."

प्रश्न गाळला असता तर? सहावी ओळ कोरीच राहिली असती. आणि सोमवारी तीन घरांत तर मी तो गाळलाच होता... कंटाळा म्हणून? भीती म्हणून? उद्या शाळेनंतर आधी त्या तीन घरी जाणार.