सहाव्या घराची गोष्ट

३ जानेवारी

सहावं घर सापडत नाही! मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात पाच घरं झाली — दोन आयांचं, एकट्या बाबाचं, आजोबा-नातीचं, दत्तक जुळ्यांचं, आणि ज्याचे आईबाबा वेगवेगळ्या गावी राहतात त्या मुलाचं. सांगलीहून पल्लवीचा फोन. संपादक म्हणून चांगली, पण पिच्छा सोडत नाही. "सगळी घरं शहरातली झाली गं. तुझ्या साताऱ्याकडचं एक दे. महिनाअखेर छपाई."

दिवसभर येरझाऱ्या. चहा चार वेळा.

५ जानेवारी

मिळालं! काखेत कळसा आणि गावाला वळसा. मावसबहीण विजयमाला, रहिमतपूरजवळच्या खेड्यात दिलेली. नवरा वीरधवल फौजेत होता. तो गेला तेव्हा मुलगी शिवांजली आठ महिन्यांची. दीड वर्षानं घरच्यांनी विजूचं धाकट्या दिराशी, उदयसिंहशी, लग्न लावून दिलं. तिकडे हे नवं नाही, कुणी गाजावाजाही करत नाही. आता शिवांजली दहाची, उदयसिंहला पप्पा म्हणते.

एका बैठकीत लिहून काढली — दोन पप्पांची मुलगी. शेवटी तिला भिंतीवरच्या फोटोतल्या पप्पांबद्दल कळतं, खूप रडते, आणि आत्ताच्या पप्पांच्या गळ्यात पडते.

पल्लवीचं तासाभरात उत्तर — "रडले. हीच शेवटची."

९ जानेवारी

विजूकडे गेले होते. मिरवायलाच म्हणायचं. शिवांजली शाळेत. विजूनं चहा ठेवला, मी गोष्ट वाचायला घेतली. मध्येच तिनं गॅस बंद केला.

"ताई, पोरीला ठावं न्हाई."

काय ठाऊक नाही?

"फोटूतलं तिचं पप्पा हायती ते. थोरलं काका म्हनून सांगितलंय तिला."

मग सव्वीस जानेवारीचंही कळलं. शाळेत वीरपत्नींना शाल-नारळ देतात. विजूला दरवर्षी निरोप येतो, आणि नेमकं त्याच दिवशी हे सगळे म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला! पोरीला वाटतं, घरचा नेमच आहे. मला हसू आलं. विजूकडे बघितलं आणि गेलं.

१० जानेवारी

पण खोटं का सांगायचं? मी शाळाशाळांतून सांगत फिरते — मुलांना सगळं पेलतं, लपवू नका! टाळ्या पडतात. आणि माझीच बहीण!

कपाट आवरलं. पुन्हा विस्कटलं. संध्याकाळी लक्षात आलं, राग विजूचा नाहीच. लिहिण्याआधी एक फोन करायला मला काय झालं होतं? लाज वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. विजूला फोन लावला. उचलला नाही.

पल्लवीला अडचण सांगितली. म्हणते नावं बदल, गाव बदल. गाव पाटण केलं. फौजीचा ट्रक ड्रायव्हर केला. वाचून पाहिली. मेली गोष्ट!

१९ जानेवारी

उदयसिंह दारात! एकटा. न कळवता कधी येत नाही. काकवीची बाटली टेबलावर ठेवली आणि उभाच.

"ताई, विजूला बोल लावू नका. पोरीला सांगायचं न्हाई हे मीच म्हनलो हुतो."

मी खुर्ची पुढे केली.

"मला पप्पा म्हनती न्हवं ती. समदं कळल्यावर उद्या काका म्हनाया लागली तर?" बाटली उगाच इकडेतिकडे सरकवली. "दादाच्या फोटूला हार मीच घालतो रोज. त्याच्याकडं बघवत न्हाई, ताई."

सहा फुटी गडी, लहान मुलासारखा रडला. मी पाणी दिलं. दुसरं काय देणार?

तो गेल्यावर पल्लवीला कळवलं — सहावी गोष्ट मागे घेते. ती भडकलीच. "पाचच घरं?"

पाचच.

२१ जानेवारी

झोप नाही, लिहिणं नाही. चिडचिड.

२३ जानेवारी

विजूचा फोन! उदयसिंहनं काल शिवांजलीला उसाकडे नेलं आणि बांधावर बसून सगळं सांगितलं. त्यानंच! लय रडली म्हणे, मग गळ्यात पडली — "मी तुमाला पप्पाच म्हननार."

विजू हसत होती, रडत होती. "छाप ताई तुजी गोष्ट. आगदी तू लिवलीस तशीच झाली बग."

उड्या मारायच्या तेवढ्या बाकी! पल्लवीला सांगितलं — सहा घरं! उद्या मजकूर पाठवते.

२४ जानेवारी

दुपारी शिवांजलीचा फोन. मैत्रिणीच्या आईच्या मोबाइलवरून, हळू आवाजात.

"मावशी, मला दुसरीत असल्यापास्नं ठावं हाय. गावातल्या पोरी सांगत्यात की. पन पप्पांस्नी सांगू नका हां. लय धीर करून सांगितलंय त्यांनी."

कबूल केलं. पल्लवीचे तीन फोन येऊन गेले. खरी गोष्ट आता कुणालाच सांगता येणार नाही — विजूलाही नाही.