वैद्यीणबाईंचा नारळ

रत्नागिरी,
दि. ५ जुलै १९८६

चि. रघूस गोदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

घाट बंद असल्यामुळे तुझं पाकीट आठवड्यानं पोचलं. वाचून संताप आला. म्हणून आधी चहा घेतला आणि मग लिहायला बसले, नाहीतर भाषा बिघडली असती.

मे महिन्यात तू हॉस्टेलातून तो अमेरिकन खेळ घेऊन आलास, ओटीवर मला, झुबेदाला आणि शेजारच्या आप्पा मुळ्यांना बसवलंस आणि प्रत्येकाला एकेक सोंग दिलंस. आप्पा जादूगार. जन्मभर कोर्टात शिरस्तेदारी केलेला माणूस आता बोटातून आगीचे गोळे सोडतो. झुबेदा तलवारबाज. तिला ते शोभतं. कॉन्व्हेंटात आम्ही एका बाकावर होतो तेव्हापासून ती सिस्टरांच्या डोळ्यांदेखत पेरूवर चढायची. आणि मी वैद्यीण. का, तर आत्या हॉस्पिटलात मेट्रन होती. अरे, दुसऱ्यांच्या मारामाऱ्यांवर पट्ट्या बांधण्यात माझी सगळी नोकरी सरली. पेन्शनीतही तेच?

सुट्टी संपल्यावर खेळ पत्रांतून चालू राहिला. आम्ही चाल कळवायची, तू तिकडे तो वीस बाजूंचा फासा टाकून निकाल कळवायचा. इथवर ठीक. पण दर पायरीला आप्पांचा गोळा मोठा होतो, झुबेदाला नवी तलवार मिळते आणि मला आणखी एक मलम. तू याला नियम म्हणतोस, मी पंक्तिप्रपंच म्हणते. आप्पा नको तिथे घुसून अर्धमेले होऊन येतात, मी त्यांना उभं करते, आणि बाजारात ते सांगत फिरतात की राक्षस त्यांनी मारले. वर माझ्या खेळातल्या सामानाला हसतात. चिंध्या, टिंक्चर, कंदील समजू शकतो, पण नारळ कशाला, सोलकढी करायला, असं त्यांनी झुबेदासमोर विचारलं.

मला न्याय हवा, आणि उलट टपाली हवा.

रागातही तुझीच,
गोदाआत्या


मुंबई,
दि. १४ जुलै १९८६

ती. गोदाआत्यास रघूचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मेसमध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरांनी टेबलं वाजवली.

आत्या, खेळात तोल असतो. जादूगाराकडे आग आहे, पण जीवगुण जेमतेम दहा. एक फटका बसला की आडवा. तलवारबाजाला जीव भरपूर, पण जादू नाही. वैद्यीण नसती तर दोघं पहिल्याच गुहेत संपले असते. पंक्तिप्रपंच नाही हा.

आता जे लिहितो आहे ते वाचताना जवळ चहा ठेव. माझ्या खोलीतले दोघं खेळात येऊ म्हणतात, एक तिरंदाज आणि एक चोर. गुहेत चौघांनाच जागा आहे, तेव्हा एकाला बाहेर धर्मशाळेत थांबावं लागेल. जखमी परत येतील तेव्हा त्यांना बघायला कुणीतरी हवंच, म्हणून इथल्या सगळ्या पोरांनी तुझं नाव घेतलं. मी एवढंच करू शकलो की एक संधी मागून घेतली. गुहेच्या तोंडाशी पांढऱ्या मिशांचा एक जुनाट भुजंग आहे, पिढ्यान् पिढ्या खजिना राखणारा. जीवगुण दोनशे. आप्पांच्या गोळ्यानं त्याचे तीस जातात. आप्पांना आणि झुबेदाला जमणार नाही असं काही तू तिथे केलंस, तर तुझी जागा तुझी. नाहीतर धर्मशाळा.

माया पातळ करू नकोस.
रघू


रत्नागिरी,
दि. २३ जुलै १९८६

चि. रघूस आशीर्वाद. किती द्यायचे ते निकालानंतर ठरवीन.

धर्मशाळेचं वाचल्यावर झुबेदानं विचारलं, मग बुधवारी आता तू करणार काय. बुधवारी पोस्टमन तुझं पत्र आणतो आणि ती नि मी दिवसभर पुढची चाल ठरवत बसतो. मी उठून तू दिलेले नियमांचे झेरॉक्स बाहेर काढले. नियम वाचताना काय लिहिलेलं नाही तेही वाचावं, हे सिस्टरांनी आम्हाला छडी दाखवून शिकवलं होतं. वैद्यिणीला दिवसातून एकदा मागणं मागता येतं, असं तू लिहिलं आहेस. कुणाकडे आणि काय, ते लिहिलेलं नाही.

आणि तो भुजंग मी ओळखला. अमेरिकन पुस्तकात त्याला मिशा कुठून येतील? गुहागरला आपल्या पोफळीच्या बागेशी जे वळण आहे, तिथला राखणदार, ज्याला जाता-येता सगळे नारळ ठेवतात तो, तू उचलून गुहेशी बसवला आहेस.

तेव्हा माझी चाल अशी. झुबेदा तलवार जमिनीवर ठेवील. मी पिशवीतला नारळ काढून हद्दीवर ठेवीन आणि गाऱ्हाणं घालीन: "बा राखणदारा महाराजा, तुझी लेकरं तुझ्या हद्दीत आली आहेत. नारळ ठेवला आहे, तो मान्य करून घे. काही चुकलं असेल तर पोटात घाल, आणि गुहेतून बाहेर पडेपर्यंत आमच्या पाठीशी उभा राहा." रीतीप्रमाणे बरोबरच्यांनी होय महाराजा म्हणायचं असतं. झुबेदा म्हणते, मी आमीन म्हणेन, देणाऱ्याला दोन्ही कळतं.

आप्पांना विचारलेलं नाही. त्यांनी आपली चाल वेगळ्या पाकिटातून आधीच पाठवली. पोस्टापर्यंत जाताना पाकीट छत्रीआड धरलं होतं.

आता टाक फासा.
गोदाआत्या


मुंबई,
दि. १ ऑगस्ट १९८६

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, या वेळी अगदी जमिनीला कपाळ टेकून.

आप्पांचं पाकीट एक दिवस आधी आलं, म्हणून त्यांची चाल आधी झाली. त्यांनी कुणाची वाट न बघता गोळा सोडला. भुजंगाचे तीस गेले, त्यानं शेपटी फिरवली आणि आप्पांचा एकच जीवगुण उरला आहे. दाढी जळाली ती वेगळीच.

मग तुझं पत्र उघडलं. फासा उचलला, आणि खाली ठेवला. पोरं विचारायला लागली की टाकत का नाहीस. त्यांना काय सांगू? बारावीच्या निकालाआधी त्या वळणावर मी कुणाला न सांगता नारळ ठेवून आलो होतो. त्याच्यासमोर गाऱ्हाणं घातल्यावर फासा कसला टाकायचा? भुजंग बाजूला झाला. तुझी जागा पक्की.

पण आत्या, पाठीशी उभा राहा असं तू म्हणून बसलीस, त्यामुळे तो आता तुझ्या मागोमाग चालतो आहे. एकशे सत्तर जीवगुणांचा भुजंग बरोबर असल्यावर तिरंदाजानं करायचं काय आणि चोरानं चोरायचं काय? पोरं म्हणतात वैद्यीण फार बलवान झाली, खेळाचा तोल गेला. एवढं ऐक, त्याला गुहेशीच सोड.

घाबरलेला,
रघू


रत्नागिरी,
दि. ११ ऑगस्ट १९८६

चि. रघूस भरभरून आशीर्वाद.

आप्पांचा गोळा दर पायरीला फुगत होता तेव्हा तोल कुठे होता ते कुणी विचारलं नाही. माझ्यामागे एक साप काय चालायला लागला, सगळ्यांना तराजू आठवला. भुजंग सोडणार नाही. त्याला शब्द मी घातला आहे.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी आप्पा मुळ्ये फाटकाशी आले. हातात सोललेला नारळ. म्हणाले, तुमच्या झाडाचा आमच्या अंगणात पडला होता, तो द्यायला आलो. झाडावरून सोललेला नारळ पडलेला मी नोकरीच्या दिवसांतसुद्धा पाहिला नाही. तरी नारळ ओटीवर ठेवून घेतला. ते तिथेच उभे. मी म्हटलं, गाऱ्हाणं ऐकू आलं नाही. त्यांनी रस्त्यावर कुणी नाही ना ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, टोपी काढली आणि हळूच म्हणाले की बाई, चुकलं, पोटात घाला. आतून झुबेदा आमीन म्हणाली.

तेव्हा आप्पांना आठ जीवगुण दे. दहावा माझ्यापाशी राहू दे. पुन्हा माझ्या सामानाला हसले नाहीत, तर पाडव्याला देईन.

तुझ्या तिरंदाजाला आणि चोराला या म्हणावं. एक जण धर्मशाळेत राहील, कोण ते भुजंगाला विचारून कळवते. बाकी नियम तूच कर. फक्त निघण्यापूर्वी दोघांच्या पिशव्या तपास आणि नारळ घेतला आहे ना, ते बघ.

बुधवारी पोस्टमनची वाट पाहणारी,
गोदाआत्या